शोकाचा चालू काळ : वर्धिष्णू आजारातील स्वत्वहानी आणि मानसोपचार

‘ते गेले’ हे दोन शब्द मराठीत मृत्यूची वार्ता सांगण्यास पुरेसे होतात. क्रियापद भूतकाळी आहे, क्रिया पूर्ण झालेली आहे, आणि बोलणारा व गेलेला या दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत. शोकाविषयीचे शास्त्रीय विवेचनही दीर्घकाळ या वाक्याच्याच घडणीवर आधारलेले होते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या शोक व विषण्णता यांवरील निबंधात शोक म्हणजे हरपलेल्या व्यक्तीकडे गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेण्याचे कार्य, अशी कल्पना मांडली. या कार्याला आरंभ आहे, तसाच शेवटही आहे. ज्याचे जाणे पुरे झाले आहे त्याच्याबद्दलचा शोकही यथाकाल पुरा होतो, हे त्यामागील गृहीत.

परंतु काही आजारांत हानी एकदाच होऊन थांबत नाही. पार्किन्सनचा आजार, मल्टिपल स्क्लेरोसिसचे काही प्रकार, स्मृतिभ्रंश, मोटर न्यूरॉन रोग ही अशा वर्धिष्णू आजारांची उदाहरणे होत. येथे आज हाताची पकड गेली, सहा महिन्यांनी चाल गेली, पुढे जीभ जड झाली, अशी हानीची मालिका चालू राहते. एका हानीशी मन जुळवून घेत आहे तोच दुसरी दाराशी येते. शिवाय येथे शोक करणारा आणि ज्याचा शोक करावयाचा तो, हे दोघेही एकच असतात. मनुष्य आपल्याच कालच्या रूपाचा शोक आज करीत असतो, आणि उद्या आजच्या रूपाचाही करावा लागेल हे त्याला ठाऊक असते. अशा शोकाला पूर्ण भूतकाळाचे व्याकरण लागू पडत नाही. त्याचा काळ अपूर्ण आहे, चालू आहे.

या चालू काळातील शोकासाठी गेल्या काही दशकांत ज्या उपचारपद्धती पुढे आल्या त्यांचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. विवेचनासाठी मोटर न्यूरॉन रोगाचे उदाहरण मुख्यतः घेतले आहे. मानसोपचाराचे साधन भाषा हे आहे आणि या रोगात बहुतेकांच्या बाबतीत नेमके तेच साधन हातचे जाते. त्यामुळे भाषा, स्वत्व आणि शोक यांचा संबंध येथे जितका उघड दिसतो तितका अन्यत्र क्वचित दिसतो.

१. रोगाचे स्वरूप

मेंदू व मज्जारज्जू यांतून स्नायूंना हालचालीचा आदेश पोचविणाऱ्या चेतापेशींना मोटर न्यूरॉन म्हणतात. या पेशी क्रमाने नष्ट होऊ लागल्या म्हणजे स्नायू दुबळे होतात, फडफडतात आणि अखेर झिजून जातात. या रोगाच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराचे, म्हणजे अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिसचे, सविस्तर वर्णन फ्रेंच वैद्य ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ साली केले. लक्षणे दिसू लागल्यापासून रुग्ण सामान्यतः २ ते ५ वर्षे जगतो. सुमारे दहांतील एक रुग्ण १० वर्षांहूनही अधिक काळ जगतो. रायलूझोल या औषधाला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. त्याने आयुष्य काही महिन्यांनी वाढते, परंतु रोग परतत नाही.

काही रुग्णांत रोगाचा आरंभच जीभ, घसा व टाळू यांच्या स्नायूंपासून होतो. इतरांत तो हातापायांपासून सुरू होऊन पुढे तेथे पोचतो. आधी उच्चार अस्पष्ट होतात, श्वास अपुरा पडून वाक्ये तुटक होतात, आणि अखेर वाचा बसते. डोळ्यांच्या हालचाली मात्र बहुधा शेवटपर्यंत शाबूत राहतात. बुद्धी पूर्णतः अबाधित राहते असे पूर्वी मानीत. ते आता तितकेसे खरे मानले जात नाही. पुष्कळ रुग्णांत विचारशक्तीत वा वर्तनात सौम्य फरक आढळतात आणि सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत विशिष्ट प्रकारचा स्मृतिभ्रंशही उद्भवतो. तथापि बहुसंख्य रुग्णांना आपले काय होत आहे याची जाणीव असते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

२. शोकविषयक कल्पनांतील बदल

आजारी माणसाच्या स्वतःच्या शोकाकडे सामान्य वाचकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांना दिले पाहिजे. शिकागो येथे मरणोन्मुख रुग्णांशी केलेल्या संभाषणांच्या आधारे त्यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात पाच अवस्था सांगितल्या : नाकारणे, राग, घासाघीस, विषण्णता आणि स्वीकार. घासाघीस म्हणजे आपल्याकडील नवससायासांना जवळची अशी मनःस्थिती होय. या अवस्था लोकांच्या इतक्या तोंडी बसल्या की, स्वीकारापर्यंत न पोचलेल्या रुग्णाने जणू काही कर्तव्यात कसूर केली आहे, असा समज रूढ झाला. वस्तुतः या अवस्था ठरावीक क्रमानेच येतात असे पुढील संशोधनातून सिद्ध झालेले नाही. वर्धिष्णू आजाराला तर ही शिडी मुळीच पुरत नाही. कारण ज्या स्थितीचा स्वीकार करावयाचा ती स्थितीच पुढील ऋतूत बदललेली असते.

याहून उपयुक्त कल्पना निराळ्या क्षेत्रातून आली. १९६२ साली सायमन ओल्शान्स्की यांनी मतिमंद मुलांच्या आईबापांविषयी लिहिताना ‘चिरशोक’ ही संज्ञा वापरली. या आईबापांचे दुःख काही काळाने ओसरत नाही. मुलाच्या वाढीच्या प्रत्येक टप्प्याला ते पुन्हा उसळते. आणि हा मनाचा विकार नसून खऱ्या परिस्थितीला दिलेला स्वाभाविक प्रतिसाद आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे परिचर्याशास्त्राच्या अभ्यासकांनी ही कल्पना दीर्घ आजाराच्या रुग्णांना व त्यांच्या आप्तांना लागू केली. शोक संपला नाही म्हणजे तो बिघडला, हे समीकरण त्यामुळे मोडले.

त्यानंतर दोन समाजशास्त्रज्ञांनी स्वत्वाचा प्रश्न पुढे आणला. मायकेल बरी यांनी १९८२ साली संधिवाताच्या रुग्णांच्या अभ्यासावरून, दीर्घ आजार हा जीवनचरित्रातील खंड आहे, असे दाखविले. मनुष्य आपल्या आयुष्याची एक कथा मनाशी धरून जगत असतो : मुलीचे लग्न होईल, निवृत्तीनंतर गावी घर बांधू. आजार या कथेचा धागाच तोडतो. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, कॅथी चार्माझ यांनी दीर्घ आजारातील दुःखाचे मूलभूत रूप स्वत्वहानी हे होय, असे मांडले. दुखणाईत माणसाचे जग आकुंचन पावते, तो एकाकी होतो, इतरांवर भार झाल्याची भावना त्याला ग्रासते; आणि ज्या भूमिकांतून तो स्वतःला ओळखत आला त्या एकामागून एक गळून पडतात. शारीरिक वेदनेवर उपचार होतो. या हानीची मात्र नोंदसुद्धा होत नाही, हा त्यांचा आक्षेप होता.

कुटुंबाच्या बाजूने हाच प्रश्न पॉलीन बॉस यांनी मांडला. त्यांच्या अभ्यासाचा आरंभ १९७० च्या दशकात, व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांपासून झाला. माणूस देहाने नाही, परंतु त्याचे मरणही निश्चित नाही, ही संदिग्ध हानी. पुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी त्यांना याची उलट बाजू दिसली : माणूस देहाने समोर आहे, पण मनाने नाही. अशा हानीला समाजात विधी नाही, सुतक नाही, दहावे-बारावे नाही, भेटीला येणारे आप्तेष्ट नाहीत. तेव्हा शोकाला मान्यता मिळणेच कठीण होते.

मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक स्खुट या नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९९ साली मांडलेल्या द्विमार्गी उपपत्तीने या चर्चेला व्यवहार्य वळण दिले. शोकाकुल माणूस कधी हानीकडे वळतो, कधी पुढील व्यवहाराकडे; आणि या दोहोंतील हेलकावा हेच निरोगी मनाचे लक्षण होय, असे त्यांनी म्हटले. ही उपपत्ती मुळात जोडीदाराच्या मृत्यूसंबंधी होती. परंतु सकाळी व्हीलचेअरची चौकशी करणारा आणि रात्री जुन्या सायकलीच्या आठवणीने रडणारा रुग्ण विसंगत वागत नाही, हे समजण्यास तिचा उपयोग होतो.

३. नाव आणि विभक्ती : कथनोपचार

वरील कल्पना उपचारात कशा उतरतात ते आता पाहावयाचे आहे. पहिली पद्धती कथनोपचाराची. ऑस्ट्रेलियातील मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधील डेव्हिड एप्स्टन यांनी ती विकसित केली आणि १९९० च्या त्यांच्या संयुक्त ग्रंथाने ती सर्वत्र परिचित झाली. तिचे मुख्य सूत्र असे की, व्यक्ती व तिची अडचण या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि बोलण्यातही त्या भिन्न ठेवल्या पाहिजेत. उपचारक ‘तुम्ही केव्हापासून निराश आहात?’ असे न विचारता ‘ही निराशा तुमच्या घरात केव्हा शिरली? ती तुमच्याकडून काय करवून घेते? तिचे म्हणणे तुम्ही कोणत्या दिवशी ऐकले नाही?’ असे विचारतो. या तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. आजाराने व्यापलेल्या कथेत जे प्रसंग बसत नाहीत, तेच नव्या कथेचे बीज ठरतात.

इंग्रजीत या पद्धतीसाठी वाक्यरचना मुद्दाम बदलावी लागते. मराठी वाक्यरचनेत मात्र हा वेगळेपणा पुष्कळ अंशी आधीच आहे. ‘मला ताप आला’, ‘त्याला दमा आहे’, ‘तिला दुःख झाले’ या वाक्यांत माणूस चतुर्थीत असतो आणि कर्त्याच्या जागी ताप, दमा, दुःख असते. आजार येतो, होतो, जडतो. माणूस त्याचा अनुभव घेणारा असतो. याउलट ‘रोगी’, ‘मधुमेही’, ‘दमेकरी’, ‘महारोगी’ या नामांत आजाराला प्रत्यय लागून तोच माणसाचे नाव होऊन बसतो. ‘त्याला महारोग झाला’ या वाक्यात माणूस शिल्लक आहे. ‘तो महारोगी’ या वाक्यात तो रोगात विरून गेला आहे.

याहूनही सूक्ष्म भेद मराठीच्या शक्य क्रियापदांत आढळतो. ‘मी बोलत नाही’ आणि ‘माझ्याने बोलवत नाही’ या वाक्यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्यात इच्छाच नसणे संभवते. दुसऱ्यात इच्छा पूर्ण आहे, देह साथ देत नाही. वाचा जात असलेल्या माणसाविषयी घरातील मंडळी ‘हल्ली ते बोलतच नाहीत’ असे म्हणतात, तेव्हा नकळत असमर्थतेचे रूपांतर अनिच्छेत होते, आणि त्यातून रुसवा, राग, दुरावा जन्म घेतो. ‘त्यांच्याने बोलवत नाही’ असे म्हणताच तोच माणूस पुन्हा इच्छा असलेला माणूस म्हणून समोर उभा राहतो. अर्थात् भाषेत ही सोय आहे म्हणून मराठी भाषकांचे दुःख हलके होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. व्याकरण शक्यता देते. तिचा उपयोग करणे न करणे बोलणाराच्या हाती असते. परंतु मराठीतून कथनोपचार करणाऱ्याने परक्या भाषेतील वाक्यांचे ओढूनताणून भाषांतर करण्याचे कारण नाही, एवढे निश्चित.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. रोगाचा परिणाम वर्तनावर होतो तेव्हा ‘हे त्यांचे बोलणे नव्हे, रोगाचे आहे’ या विचाराने आप्तांना धीर येतो. पण तोच विचार सरसकट लावला, तर रुग्णाचा रास्त रागसुद्धा रोगाच्या नावावर जमा होतो. ज्याचे हातपाय, वाणी आणि व्यवसाय गेले त्याचा रागही त्याच्याकडून काढून घेणे, हे स्वत्वाचे रक्षण म्हणता येणार नाही.

४. विचार आणि विचार करणारा : स्वीकृती व बांधिलकी उपचार

दुसरी पद्धती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज व त्यांच्या सहकाऱ्यांची. तिचा प्रमुख ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. तिच्यामागे भाषेसंबंधीची एक उपपत्ती आहे, हे भाषाभ्यासकांच्या दृष्टीने लक्षणीय होय. शब्द व वस्तू यांचे नाते मनात इतके घट्ट बसते की, माणूस वाक्याला वाक्य न मानता वस्तुस्थितीच मानू लागतो. ‘मी संपलो’ हे वाक्य मनात आले की, जणू खरोखरच सर्व संपल्याप्रमाणे तो हाय खातो आणि अंथरूण धरतो. या पद्धतीत त्या वाक्याचे खंडन करीत नाहीत. ते फक्त दुसऱ्या वाक्याच्या पोटात ठेवतात : ‘मी संपलो असा विचार मला येत आहे.’ मूळचे मुख्य वाक्य येथे गौण झाले. विचार येणारा आहे, जाणाराही आहे, आणि ज्याला तो येतो तो त्याहून निराळा आहे, हे या रचनेत सूचित होते.

वर्धिष्णू आजारात या भूमिकेचा विशेष लाभ असा की, ती खोटा दिलासा देत नाही. ‘तुम्ही बरे व्हाल’ असे म्हणणे येथे असत्य आहे, आणि ‘तुमचा विचार अवास्तव आहे’ असे म्हणणेही पुष्कळदा असत्यच. म्हणून स्वीकृतीच्या जोडीला बांधिलकी येते. रुग्णाला विचारले जाते की, तुम्हाला आयुष्यात कशाचे मोल वाटत आले? शिकवणे हे ज्याचे जीवितकार्य होते, त्याला वर्गासमोर उभे राहता येणार नाही. पण एखाद्या विद्यार्थ्याचे टिपण वाचून चार शब्द सुचविता येतील. कृतीचे रूप बदलते, मोल तेच राहते, आणि जे टिकते त्याच्याशी स्वत्वाचा धागा पुन्हा जोडता येतो.

औपचारिक उपचाराचा भाग म्हणून नव्हे, परंतु याच तत्त्वाचे उदाहरण म्हणून इतिहासकार टोनी जुड्ट यांच्याकडे पाहता येईल. २००८ साली त्यांना मोटर न्यूरॉन रोगाचे निदान झाले. हात निकामी झाल्यावर रात्रीच्या निश्चल तासांत ते मनातल्या मनात निबंध रचीत, स्वित्झर्लंडमधील एका परिचित घराच्या खोल्यांत त्याचे भाग ओळीने ठेवल्याची कल्पना करीत, आणि सकाळी ते सांगून उतरवून घेववीत. ऑगस्ट २०१० मध्ये ते वारले. या निबंधांचा संग्रह त्याच वर्षी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. लिहिणारा हात गेला होता, लेखक गेला नव्हता.

या पद्धतीला प्रयोगाचाही आधार मिळाला आहे. ब्रिटनमध्ये १६ केंद्रांवर मोटर न्यूरॉन रोगाच्या १९१ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने पाडलेल्या दोन गटांपैकी एकाला नेहमीच्या देखभालीबरोबर हा उपचार दिला, दुसऱ्याला केवळ नेहमीची देखभाल. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील रुग्णांच्या जीवनाचा दर्जा अधिक चांगला आढळला. शरीर खालावत असतानाही हे घडावे, यात या निष्कर्षाचे महत्त्व आहे.

५. मागे ठेवावयाचा लेख : प्रतिष्ठा-उपचार

तिसरी पद्धती कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ हार्वी मॅक्स चोचिनोव यांची. तिचा पहिला मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाला ठरावीक प्रश्न विचारले जातात : आयुष्यातील कोणते प्रसंग आपल्या माणसांना ठाऊक असावेत असे वाटते? कोणती कामे केल्याचा अभिमान वाटतो? कोणाला काय सांगावयाचे राहिले आहे? हे संभाषण ध्वनिमुद्रित करतात, ते लिहून काढून नीटनेटके करतात, रुग्णाला वाचून दाखवितात, त्याच्या दुरुस्त्या घेतात आणि अंतिम लेख त्याच्या हाती देतात. तो कोणाला द्यावयाचा हे रुग्ण ठरवितो.

या पद्धतीचे यश मोजण्यात एक अडचण आली, आणि तिचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मानसिक त्रासाच्या मुख्य मोजमापांत इतर गटांच्या तुलनेने लक्षणीय फरक दिसला नाही. परंतु उपचार उपयोगी पडला, प्रतिष्ठेची भावना वाढली, असे रुग्णांनी स्वतः अधिक प्रमाणात सांगितले. ऑस्ट्रेलियात मोटर न्यूरॉन रोगाच्या रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासातही असेच चित्र दिसले : मोजपट्टी फारशी हलली नाही, पण रुग्णांना ही पद्धती ग्राह्य व समाधानकारक वाटली. या विसंगतीचा एक अर्थ असा लावता येईल की, हा उपचार दुःख कमी करण्यापेक्षा दुःख सांगणाऱ्याला त्याच्या कथेचा कर्ता म्हणून राखतो. आणि या गोष्टीसाठी प्रचलित मोजपट्ट्या तयार झालेल्या नाहीत.

मोटर न्यूरॉन रोगात मात्र या उपचाराला मुदत आहे. एक तासाचे संभाषण आज शक्य आहे, कदाचित चार महिन्यांनी नसेल. निदानानंतर इतक्या लवकर शेवटाचे बोलणे कशाला काढावे, असा संकोच आप्तांना वाटतो आणि तो समजण्याजोगा आहे. परंतु या संकोचाची किंमत रुग्णाला आपल्या वाणीने चुकती करावी लागते.

६. आवाज

आवाज हा स्वत्वाचा किती जवळचा भाग आहे, याचे उदाहरण म्हणजे स्टीफन हॉकिंग. १९६३ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, त्यांना या रोगाचे निदान झाले. त्यानंतर ते अपवादात्मक दीर्घकाळ, १४ मार्च २०१८ पर्यंत जगले. १९८५ साली जिनिव्हा येथे न्यूमोनिया झाल्यावर करावी लागलेल्या श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत त्यांची उरलीसुरली वाणी गेली. काही काळ कोणी अक्षरे दाखवावीत आणि त्यांनी भुवई उंचावून निवड करावी, असा क्रम होता. पुढे त्यांना यांत्रिक आवाज मिळाला. तो मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डेनिस क्लॅट यांच्या संशोधनातून, त्यांच्या स्वतःच्या आवाजाच्या आधारे, घडलेला होता. क्लॅट यांचाही आवाज पुढे कर्करोगाने घोगरा होत गेला आणि १९८८ साली ते वारले. नंतरच्या काळात अधिक नैसर्गिक आवाज उपलब्ध झाले. परंतु हॉकिंग यांनी हाच आवाज राखला, कारण तो आता आपलाच झाला आहे, अशी त्यांची भावना होती. जन्माने इंग्रज असलेल्या माणसाने अमेरिकन वळणाचा उसना आवाज आपला मानला. यावरून दिसते की, स्वत्व हे दिलेले असते तसेच घेतलेलेही असते.

आज वाणी जाण्यापूर्वीच रुग्णाचा आवाज साठवून त्यावरून कृत्रिम आवाज घडविता येतो. पूर्वी यासाठी हजाराहून अधिक वाक्ये वाचावी लागत. आता पुष्कळ कमी वाक्यांत काम भागते. याहून साधी पण तितकीच मोलाची रीत म्हणजे संदेश-संग्रह : रुग्णाने आपले नेहमीचे बोल स्वतःच्या आवाजात जसेच्या तसे मुद्रित करून ठेवणे. येथे मराठी भाषकाने काय साठवावे हा प्रश्न मनोरंजक आहे. ‘मला पाणी हवे आहे’ हे वाक्य कोणताही यांत्रिक आवाज म्हणू शकेल. परंतु ‘अगं’, ‘अरे वा’, ‘छे छे’, ‘बरं का’, नातवाला मारावयाची लाडकी हाक, ओव्या वा पाढे म्हणण्याची लय, यांत माणूस सर्वाधिक असतो. आणि शब्दकोश व व्याकरण नेमके यांनाच शेवटच्या पानांवर ढकलतात.

मराठी लेखनावरून उच्चार घडविणाऱ्या यंत्रापुढे काही अडचणी आहेत. च, ज, झ या अक्षरांना प्रत्येकी दोन उच्चार आहेत आणि लिपीत त्यांचा भेद दाखविला जात नाही. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप ‘जग’ हे एकसारखे लिहिले जातात, पण निराळे उच्चारले जातात. मरणाच्या छायेतील माणसाने नातवाला दिलेला आशीर्वाद यंत्राने चुकीच्या जकाराने उच्चारला, तर तो दोष किरकोळ म्हणता येणार नाही. उलट देवनागरीची एक सोयही आहे. डोळ्यांच्या उघडझापीने अक्षरे निवडणाऱ्या रुग्णासाठी वर्णमालेची वर्गवार मांडणी अक्षरफलकाला चांगली शोभते : आधी ओळ, म्हणजे क-वर्ग की प-वर्ग, आणि मग त्या ओळीतील अक्षर. ही मांडणी शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला मुखोद्गत असते. काना, मात्रा व जोडाक्षरे यांची व्यवस्था मात्र स्वतंत्रपणे करावी लागते.

७. मध्यम पुरुषातून तृतीय पुरुषात

स्वत्वहानीची अखेरची पायरी रुग्णाच्या देहात नव्हे, इतरांच्या वाक्यांत घडते. रुग्ण समोर बसलेला असता, डॉक्टर त्याच्या पत्नीला विचारतात, ‘यांना गिळताना ठसका लागतो का?’ भेटीस आलेले आप्त मुलाला विचारतात, ‘बाबा जेवतात का नीट?’ ज्याला कालपर्यंत ‘तुम्ही’ म्हणत, तो आज ‘ते’ झाला. भाषाशास्त्रात प्रथम व मध्यम पुरुष हे संभाषणातील सहभागी मानले जातात. तृतीय पुरुष हा संभाषणाचा विषय असतो. सहभागी माणूस विषय होऊन बसणे, हीच सामाजिक अर्थाने वाचा जाणे होय. मराठीत हा बदल सहज ध्यानात येत नाही. पत्नीने पतीचा उल्लेख ‘हे’ असा करणे ही येथील आदराची व जिव्हाळ्याची जुनी रीत. त्यामुळे इतरांच्या तोंडचे ‘यांना’ हेही आदराचेच वाटते. तिच्या ‘हे’मध्ये तो माणूस असतो, त्यांच्या ‘यांना’मध्ये तो वगळलेला असतो.

यावरील उपाय खर्चाचा नाही. कुटुंबासह घ्यावयाच्या बैठकींत उपचारक काही साधे नियम घालून देऊ शकतो : प्रश्न रुग्णालाच विचारावा, ‘होय’ व ‘नाही’ यांची खूण आधी ठरवावी, उत्तरासाठी थांबावे, त्याचे वाक्य त्याच्यासाठी पुरे करण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी. अक्षराअक्षराने येणाऱ्या वाक्याची वाट पाहणे कठीण असते. संभाषणातील काही क्षणांची शांतताही ऐकणाऱ्याला अवघड वाटते. येथे ती मिनिटामिनिटांची होते. परंतु या थांबण्यातच रुग्णाचा मध्यम पुरुष जिवंत राहतो.

वर सांगितलेल्या पद्धतींचे तात्त्विक आधार भिन्न आहेत. तरी एका गोष्टीत त्यांचे ऐकमत्य दिसते : शोक संपविणे हे कोणीही आपले ध्येय मानलेले नाही. हानी चालू आहे तोवर शोकही चालू राहणार. उपचाराने एवढेच साधावयाचे की, त्या चालू शोकात ‘मी’ म्हणणारा माणूस कायम राहावा. रोगाने त्याचे नाव घेऊ नये, विचाराने त्याची जागा घेऊ नये आणि आप्तांनी प्रेमापोटी त्याच्या वतीने बोलून टाकू नये. यासाठी लागणारी सामग्री, म्हणजे मराठीतील प्रश्नावली, मुद्रणासाठी वाक्यांच्या याद्या, उच्चारभेद जाणणारे कोश, अक्षरफलक, ही वैद्यांनी एकट्याने तयार करण्याजोगी नाही. भाषाभ्यासकाने तीत हात घातला पाहिजे, आणि रुग्णाची जीभ जड होण्यापूर्वी ती त्याच्या घरी पोचली पाहिजे.